अर्ध्या दिवसाचा नियम

दिवस आषाढी अमावास्येच्या आधीचा, शुक्रवार, दिवेलागणीची वेळ. रक्कम साडेअकरा. रुपये नव्हेत, दिवस. आमच्या घराकडून वाडीला साडेअकरा दिवसांचं काम येणं होतं, आणि ते दाजींनी त्या संध्याकाळी जाहीर केलं. हजर माणसं अशी: दाजी स्वतः, त्यांचे तीन मुलगे, पायरीवरून ऐकणारी शेजारची शेवंताकाकी, माझी आई आणि मी. आई पडवीच्या आत आली नव्हती. ती इरलं पाठीवर तसंच ठेवून पागोळ्यांच्या अलीकडे, पायरीवर उभी होती, कारण हिशेबाच्या वेळी बायका पडवीत बसत नसत. मी मात्र बसले होते, कारण हिशेब मोजणारी मीच होते. तेव्हा मी तेरा वर्षांची, आठवीत. हे सगळं मला इतकं नेमकं आठवतं यात माझी काही थोरवी नाही. त्या वर्षीची वही माझ्याकडे अजून आहे.

आमची वाडी कट्टा गावच्या बाजारापासून दोन मैल आत, सात घरांची. सातही घरांची शेतं एका ओढ्याच्या दोन बाजूंना. कुणाचे चार कुणगे, म्हणजे लहान तुकडे, कुणाचा मोठा मळा. एकेकट्या घराने लावणी करायची म्हटली तर तरवा, म्हणजे वाफ्यातली भाताची रोपं, जून होऊन जायची आणि अर्धं शेत रिकामं राहायचं. म्हणून वारंगुळा. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात, उद्या माझ्या. कोण कुणाकडे किती दिवस गेलं त्याचा हिशेब दाजींच्या पडवीतल्या फळीवर असायचा. तिथे सात लहान मडकी होती, प्रत्येक घराचं एक. मृगाच्या आधी प्रत्येक घराने आपल्या मडक्यात चाळीस काजूबिया आणून टाकायच्या. आमच्याकडे त्यांना काजी म्हणतात. तुमच्या शेतात गडी एक दिवस राबला की तुमच्या मडक्यातल्या दोन काजी त्याच्या घरच्या मडक्यात जायच्या. बाईमाणूस राबलं की एक. लावणी संपली की ज्याच्या मडक्यात चाळीसपेक्षा कमी, त्याने कापणीच्या वेळी तेवढे दिवस फेडायचे. बैलांचा हिशेब वेगळा, तो पेंढ्याच्या भाऱ्यांनी भागायचा.

दाजी हे वाडीतले सर्वांत वयस्क आणि, मी आजही म्हणेन, सर्वांत सरळ माणूस. तीस वर्षं त्यांनी ती मडकी सांभाळली, आणि तीस वर्षांत एक काजी इकडची तिकडे गेली असं कुणी म्हटलं नाही. त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत सारा, म्हणजे मोतीबिंदू, आला. संध्याकाळच्या उजेडात त्यांना काजी आणि खडा यातला फरक कळेना. मग त्यांनी मला बोलावलं. "शाळेत गणितात पयली येतंस म्हणतत ना तू? मगे ये. माका आता दिसना नाय गो." शाळेतून आले की मी त्यांच्याकडे जायची. दिवसभराचं काम आटोपून माणसं पायरीवर पाय धुवायची, कुणी कुठे काम केलं ते सांगायची, आणि मी काजी हलवायची. मला ते फार आवडे. मडक्यात काजी पडल्याचा आवाज, कौलांवरचा पाऊस, ओढ्याकडून बेडकांचा गलका, आणि आतून येणारा कुळथाच्या पिठीचा वास. आवड म्हणूनच मी घरी येऊन तेच सगळं शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवरही उतरवायची. घराचं नाव आणि पुढे रेघा. एक माणूस एक दिवस आलं की एक रेघ. अर्ध्यासाठी कसली खूण करायची ते मला सुचलं नव्हतं, म्हणून बाईचीही एकच रेघ. नंतर भागाकार करू, असं मनात होतं.

आमच्या घरात आई, मी आणि माझा लहान भाऊ. वडील वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात भट्टीवर. महिन्यातून दोनदा यायचे, अंगाला काजूच्या तेलाच्या धुराचा वास घेऊन, आणि सुट्टी वाढवली तर पगार जायचा. तेव्हा आमच्या घराला गडी नव्हता. नांगरणी-चिखलणी दाजींच्या घराने केली: दाजी आणि तीन मुलगे, चौघे पाच दिवस, म्हणजे वीस दिवस. चाळीस काजी तिथेच संपल्या. मग आई रोज कुणा ना कुणाच्या शेतात वाकली. पंचवीस दिवस. आमच्या स्वतःच्या लावणीला बायका आल्या त्यांचे आठ दिवस. मडक्यात शेवटी उरल्या सतरा. चाळिसाला तेवीस कमी, म्हणजे साडेअकरा दिवस. गड्याचे. आईने फेडायचे म्हटले तर तेवीस.

"मंगलचे आवशी," दाजी पायरीकडे बघून म्हणाले, "तेवीस दीस एकटी खंयसून काढशीत? माझ्या मळ्याची लावणी तीन दीस चलात. ते जाऊन वीस ऱ्हवतले. कापणेक चेडवाक घेवन ये. दोघी मिळान धा दिसात मोकळ्या."

"तेची शाळा आसा, दाजी."

"शाळा खंय पळान जाता?"

शाळा पळून जात नसे हे खरं. पण मुली जात. आदल्या वर्षी वाडीतल्या दोघी कापणीत दिवस फेडायला गेल्या होत्या. सहामाही परीक्षा कापणीतच येते. परीक्षा बुडाली, मग झोडणी आली, मग वर्षच गेलं, आणि पुढच्या मे महिन्यात एकीचं लग्न झालं. हे आईला माहीत होतं, मलाही. दाजींनाही माहीत असावं; पण त्यांच्यापुढे सतरा काजी होत्या आणि सतरा म्हणजे सतरा. त्यांनी वाईट मनाने काही केलं नाही. मला हे लिहून ठेवावंसं वाटतं, कारण आता कुणी ही गोष्ट ऐकली की दाजींना खलनायक करून टाकतं. ते नियम पाळत होते. नियम अर्ध्या दिवसाचा होता.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. अमावास्येला शेतात काम नाही, आणि पुढे श्रावण लागणार म्हणून दाजींच्या घरी साऱ्या वाडीला कोंबडी-वडे. हा त्यांचा दरवर्षीचा रिवाज. सकाळपासून त्यांच्या मागल्या दारी तीन चुली पेटलेल्या, ओल्या लाकडांचा धूर सोप्यात भरलेला, पाट्यावर वाटणाची घरघर. मी शनिवारची सकाळची शाळा करून भिजत आले ती थेट तिथेच गेले. वडे तळताना जो आवाज होतो तो मला आजही पावसाच्या आवाजापेक्षा जवळचा वाटतो. थोरल्या दोन सुना पिठात कोपरापर्यंत बुडलेल्या. धाकटी सून रजनीवयनी एकटीच पडवीच्या पलीकडच्या मांगरात, म्हणजे बाहेरच्या खोपटात, काहीतरी भाजत होती.

रजनीवयनी वेंगुर्ल्याकडची. लग्न मे महिन्यातलं. पहिला आषाढ सुनेने सासरी काढायचा नाही म्हणून महिनाभर माहेरी होती आणि आदल्या दुपारीच कट्ट्याला गाडीतून उतरली होती. वारंगुळ्याचे दिवस तिने पाहिलेच नव्हते. सासऱ्यांना काजूची उसळ आवडते एवढं मात्र तिने कुणाकडून तरी ऐकलेलं होतं.

काजी भाजायचा वास लपत नाही. तो वाडीभर पसरला. दाजी झोपाळ्यावर बसून म्हणाले, "वास बरो येता. वेंगुर्ल्याची काजी ती, आमच्यासारखी न्हय." प्रत्येकाला वाटलं, नवी सून माहेरून घेऊन आली. थोरल्या जावांनाही तेच वाटलं. पंगत बसली तेव्हा वड्यांच्या बाजूला पळीभर उसळ आली, ओल्या खोबऱ्यात, वर कोथिंबीर. चाळीस-बेचाळीस माणसं जेवली. दाजींनी तीनदा घेतली. शेवंताकाकी कुणाचं सहजासहजी चांगलं म्हणत नसे, तिनेही पानातली शेवटची काजी बोटाने पुसून खाल्ली आणि म्हणाली, "चेडवा, हात बरो आसा तुझो." वयनी लाजून आत गेली.

संध्याकाळी दाजींनी मला हाक मारली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मळ्याची लावणी होती, त्याआधी सगळ्यांची मडकी एकदा मोजून घ्यायची होती. मी पडवीत गेले. फळीवर सातही मडकी होती. स्वच्छ घासलेली, पालथी, पाणी निथळायला ठेवलेली.

दाजींना दिसत नव्हतं. त्यांनी हात लांब करून एक मडकं चाचपलं, मग दुसरं. पालथ्या बुडावर त्यांचा हात बराच वेळ राहिला. मग तो हात त्यांनी आपल्या पोटावर ठेवला.

"रजनी," त्यांनी आत हाक दिली. "काजी खंयसून काढलंस गो तू?"

"फळयेवरसून, मामानू. उंदीर खातीत म्हणान. मडकी पण घाण झाली हुती, घासून ठेवलंय."

मग शेवंताकाकी पदर तोंडाला लावून म्हणाली, "तीस वर्सांत पयल्यांदाच दाजींचो हिशेब गोड लागलो," आणि मग जे हसू फुटलं ते पायरीपासून मागल्या दारापर्यंत गेलं. दाजींचा मधला मुलगा खांबाला धरून हसत होता. दोनशे ऐंशी काजी, वाडीचा सबंध पावसाळा, आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला होता. फक्त रजनीवयनी रडायला लागली. "माका काय म्हायत, ह्यो हिशेब आसा म्हणान? माका कोणी सांगूक नाय." आणि ते खरंच होतं. जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते ती कुणी कुणाला सांगत नाही.

दाजी हसले नाहीत. त्यांचा चेहरा बघून हळूहळू बाकीचेही थांबले. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या फळीवर काही नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, "दाजी, माझ्या वयत सगळा आसा."

वही आणली, कंदील जवळ घेतला, आणि मी एकेक घर वाचलं. रेघा मोजत. आमच्या घराशी आले तेव्हा वाचलं: घेतले अठ्ठावीस, दिले पंचवीस. राहिले तीन.

"तीन कसे? काल साडेअकरा हुते," दाजी म्हणाले.

"रेघ एकेकच घातलंय. बाईक पण एक, गड्याक पण एक. अर्धे करूचे ऱ्हवले."

"मगे कर अर्धे."

मी पेन्सिल काढली. तेवढ्यात रजनीवयनी डोळे पुसत दाराशी आली होती, ती म्हणाली, "अर्धे कित्याक? आमच्याकडे दिसाक दीस. सकाळपासून सांजपर्यंत वाकला तो दीस. मग तो बाबलो असो नायतर बाय."

नवी सून, उभ्या आयुष्यात सासऱ्यासमोर बोलण्याची बहुधा ती तिसरीच वेळ. थोरल्या जावेने तिचा पदर मागून ओढला. दाजी म्हणाले, "तुमच्याकडे समुद्र पण आसा. तो घेवन इलंस काय?" पडवीत पुन्हा हसू झालं, यावेळी गड्यांचं. "एका नियमात हात घातलो की मगे सगळेच नियम ढिले. गडी नांगर धरता. बाईल माणूस नांगर धरता काय? कर गो चेडवा, अर्धे कर."

मी केले. बायकांच्या रेघा अर्ध्या धरल्या की आमचे साडेअकराच आले. गणित चुकत नव्हतं. तेच मला लागलं. मला आठवतं, मी पेन्सिल इतकी दाबली की पानाला भोक पडलं. ते भोक वहीत अजून आहे.

घरी जाताना पावसाची उघडीप होती. आई पुढे, मी मागे, भाऊ तिच्या कडेवर झोपलेला. बांधावर आली तशी ती थांबली.

"तीनच ना गो? नक्की?"

"रेघेन तीन."

"उद्या आयतवार. तू मळ्यार ये. वय घेवन ये." एवढंच बोलली. माझी आई फार बोलणारी नव्हती. तिने काही ठरवलं की ती चालायची जोरात, एवढ्यावरून कळायचं.

आता मी पंचावन्न पूर्ण केली. पुतण्या म्हणतो, आत्ये, गाव पुढे गेला तो पॉवर टिलरने. मी त्याला विरोध करत नाही. टिलर आला तेव्हा आमची चिखलणी पाच दिवसांवरून एका दिवसावर आली. चार दिवस वाचले, हे मी स्वतः मोजलेलं आहे. पण एका रविवारी दुपारी, कुठलंही यंत्र न येता, आम्हा मायलेकींचे वीस दिवस वाचले. तेवीस वजा तीन. दोन्ही आकडे मी शेजारी-शेजारी लिहून बघते. यंत्र पैसे देऊन आणता येतं. नियम कुणीतरी आधी मनात आणावा लागतो, मग तो तोंडाने म्हणावा लागतो, आणि मग बाकीच्यांनी त्यावर हसून घेतल्यावरही तो तिथेच उभा राहावा लागतो. आणि आमच्याकडे असले विचार बहुधा नव्या सुनांच्या ट्रंकेतून आले आहेत. मुलगी एका गावची रीत बघत वाढते आणि दुसऱ्या गावात नांदायला जाते. तिलाच तेवढं दिसतं की इथली रीत ही एकमेव रीत नव्हे.

रविवारी श्रावणाचा पहिला दिवस. मळ्यात सात बायका, ओळीने वाकलेल्या, पाठीवर इरली, दुरून सात कासवं दिसावीत तशी. गाणं शेवंताकाकी सांगायची, बाकीच्या उचलायच्या. दाजींचे मुलगे तरव्याच्या मुठी बांधून चिखलात फेकत होते. मी वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बांधावर बसले होते, आणि मला कशासाठी बोलावलंय ते मला ठाऊक नव्हतं.

टेकडीवरून कट्ट्याकडे जाणारी बाराची गाडी वळणावर भोंगा देते. तो ऐकला आणि आईने कंबर सरळ केली. हातातली मूठ चिखलात नीट रोवून ठेवली, ओढ्यात हातपाय धुतले आणि बांधावर येऊन बसली. तिच्या मागून शेवंताकाकी. मग एकेक करून पाचही जणी. गाणं मध्येच थांबलं होतं. तेव्हा कळलं की सकाळी पाणवठ्यावर त्यांचं बोलणं झालेलं होतं.

दाजी काठी टेकत आले. "काय झाला? सरप दिसलो काय?"

"नाय," आई म्हणाली. "बारा वाजले. अर्धो दीस झालो."

"मगे?"

"आमचो दीस अर्धो ना? तो सपलो."

दाजींना ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते म्हणाले, "आणि ह्यो तरवो? काढलेलो आसा. सांजपर्यंत लावलो नाय तर कुसात."

"गडी आसत ना तीन," शेवंताकाकी म्हणाली. "अख्ख्या दिसाचे."

दाजींनी मुलांकडे पाहिलं. धाकटा हौशी, त्याने मूठ उचलली आणि वाकला. लावणी दिसते तितकी सोपी नाही. दोन-तीन काड्या धरायच्या, अंगठ्याने दाबायच्या, अंगठा काढताना भोक मिटवायचं, आणि हे दिवसाला हजारो वेळा. त्याने दहा-बारा रोपं लावली आणि मागे वळून पाहिलं तर निम्मी पाण्यावर तरंगत ओढ्याच्या दिशेला चालली होती. "अरे, ती कट्ट्याच्या बाजाराक निघाली, तिकीट काढ तेंचा," शेवंताकाकी म्हणाली. बायका इतक्या हसल्या की एकजण बांधावरून घसरून चिखलात बसली. त्याचे दोघे भाऊही हसत होते, मात्र कुणी वाकायला पुढे आला नाही.

तेवढ्यात रजनीवयनी डोक्यावर पेजेचं टोप आणि हातात भाकऱ्यांची दुरडी घेऊन आली. श्रावण लागलेला, म्हणून सुका बांगडा नव्हता. फणसाच्या आठळ्यांची भाजी आणि लोणचं होतं. तिने टोप उतरवलं, एकदा सासऱ्यांकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, जो गुडघाभर चिखलात उभा होता. "खंय वाढू?" तिने विचारलं. मग ती आईच्या शेजारी, बांधावर, बसली. पेज मधोमध ठेवली. तिने सात वाट्या भरल्या आणि आठवी स्वतःला घेतली.

दाजी तसेच उभे होते. पाऊस बारीक पडत होता. मग ते काठी बाजूला ठेवून आमच्या समोर, दगडावर बसले.

"मंगल, वयत काय लिवलंस ता परत वाच. अर्धे न करता."

मी वाचलं. सातही घरं. शेवटी: राहिले तीन.

"तीन," ते म्हणाले. मग, कुणाला उद्देशून नव्हे, असं बोलायला लागले. "माझ्या बापाशीच्या आदी वाडीत काजीचो हिशेब नव्हतो. ज्याचे बैल तेचो शब्द. बिनबैलाच्या घरान वर्साचा भात देवचा आणि वर पाया पडूचा. माझ्या बापाशीन पयली मडकी मांडल्यान तेव्हा लोक हसले. म्हणाले, काजीन कोण हिशेब करता, खाऊची वस्तू ती." इथे ते थांबले, आणि आदल्या दिवसाची उसळ त्यांना आठवली असावी, कारण त्यांच्या मिशा हलल्या. "खाल्लीच शेवटी."

मग ते हसले. मोठ्याने, पोट धरून, जे हसू त्यांनी आदल्या संध्याकाळपासून अडवून ठेवलं होतं ते. आणि सारा मळा हसला.

"चेडवाच्या वयत हा तां खरा," हसू ओसरल्यावर ते म्हणाले. "औंदाच्या वर्सापासून दिसाक दीस. नांगराचा बैल बघून घेतीत, तेंचो हिशेब वायलो आसाच." मग आईकडे वळून, "आता पेज खावा आणि उठा. तरवो सुकता."

आईने पेज संपवली, वाटी ओढ्यात विसळली आणि उठली. बाकीच्या उठल्या. शेवंताकाकीने गाणं बरोबर जिथे थांबलं होतं तिथून उचललं. मी वहीत लिहिलं: रविवार, आई, एक रेघ. पूर्ण.

त्या नियमाने दाजींच्या घराचं नुकसान झालं. गडी त्यांच्याकडे जास्त होते. ते त्यांना मांडतानाच कळलं होतं. पुढच्या वर्षी हिशेबाच्या वेळी आई पायरीवर न थांबता पडवीत आली, आणि तिला कुणी बाहेर हो म्हणालं नाही. त्यानंतरच्या वर्षी ओढ्याच्या बंधाऱ्याची पाळी ठरवायला बायका बसल्या. एक दार उघडलं की पुढचं दिसतं, एवढंच मला म्हणायचं आहे. मी सहामाहीला बसले, वार्षिकला बसले, दहावी झाले. वाडीतल्या माझ्या मागच्या पाचही मुली दहावी झाल्या. वाडीत आज वारंगुळा उरलेला नाही, मडकीही नाहीत. नियमाने आपलं काम केलं आणि तो गेला, बैलही गेले. त्याचं मला वाईट वाटत नाही. काजूची उसळ मात्र दाजींच्या घरी आषाढी अमावास्येला अजून होते, आणि वाढताना रजनीवयनी, आता तिच्याही सुना आल्या, प्रत्येकाला विचारते, "मोजून वाढू काय?"

राहिला शेवटचा भाग. सोमवारी आई पूर्ण दिवस गेली. मंगळवार हा मळ्याचा शेवटचा दिवस. मी शाळा सुटून धावतच आले. माझ्या मते त्या संध्याकाळी आमचे तीन पुरे व्हायचे होते आणि ती शेवटची रेघ मला स्वतः बघून घालायची होती. येऊन बघते तर आई बांधावर बसलेली, कोरडी, पाय पसरून, हातात भुईमुगाच्या शेंगा. आणि तिच्या ओळीत, धोतर वर खोचून, दाजी वाकलेले. डोळ्यांनी धड दिसत नसल्याने ते बोटांनी चाचपत रोपं लावत होते. ओळ नागासारखी वळत चालली होती.

"बारा वाजता इले," आई हळूच म्हणाली. "माझ्या हातातली मूठ काढून घेतल्यानी. म्हणाले, बस बांधार, तुझो आज अर्धोच दीस."

मी वही उघडली. "दाजी, ह्यो कोणाच्या नावार घालू?"

ते वर न बघता म्हणाले, "तुझ्या आवशीच्या. तेका द्यायचोच हुतो. खूप वर्सांचो ऱ्हवलोलो आसा, पण एका म्हाताऱ्याच्यान सगळो फेडून जावचो नाय. आत्ता अर्धो लिव."

मग अर्ध्यासाठी खूण हवी होती, आणि यावेळी ती मला सुचली: अर्धी रेघ. ती वाकडी ओळ आईने सरळ केली नाही. कापणीपर्यंत ती तशीच उभी होती, आणि भात तिथेही बाकीच्यासारखंच आलं.

हिशेब असा मिटला. मागितले साडेअकरा दिवस. ठरले तीन. पैकी अडीच दिवस आईने दिले, दाजींच्या घराला. अर्धा दिवस दाजींनी दिला, माझ्या आईला.